उघड्या खिडकीचे शहर आणि गोंगाटाचे गणित

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरू शहराची हवा वर्षाचा बराच काळ सौम्य असते. या हवेनेच तेथील घरांची घडण ठरविली. बसवनगुडी, मल्लेश्वरम् यांसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांना रुंद खिडक्या आणि छताजवळ वायुवीजनासाठी झरोके ठेवीत. पंख्यावाचून रात्र काढता येत असे, कारण खिडकी उघडी असे. पुढे शहर वाढले, रस्ते वाहनांनी भरले, इमारतींच्या आवारात जनित्रे आली आणि जी खिडकी वारा आणीत होती तीच गोंगाट आणू लागली. रस्त्याकाठच्या कुटुंबापुढे आज रोज रात्री एक साधा प्रश्न उभा असतो: खिडकी उघडी ठेवावी, की झोप राखावी?

हा प्रश्न पुण्यातील वा नाशिकातील रहिवाशालाही परका नाही. त्याचे उत्तर शोधताना माणसे सामान्यतः आपल्या अंदाजावर विसंबतात. जाड पडदे लावतात, कुंपणाशी झाडे लावतात, एखादा अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीवर ठोकतो. यांपैकी बरेच उपाय निष्फळ ठरतात. याचे कारण असे की ध्वनीचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरीज-वजाबाकीने चालत नाही. तो कसा चालतो, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे.

ध्वनी आणि गोंगाट

भौतिकीच्या दृष्टीने ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारी जलद चढउतार होय. दर सेकंदास होणाऱ्या अशा आवर्तनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्‌झ या एककात मोजतात. तरुण व निरोगी कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात.

संगीतातील स्वर आणि गोंगाट यांतील भेदाचे एक सुंदर उदाहरण बेंगळुरूशी निगडित आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून या शहरात आले. दुसऱ्याच वर्षी भारतीय चर्मवाद्यांविषयीचा त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. ताणलेल्या साध्या चामड्यावर थाप मारली असता निघणाऱ्या निरनिराळ्या कंपनांच्या कंप्रता परस्परांशी पूर्णांकांच्या प्रमाणात नसतात, म्हणून सामान्य ढोलाचा नाद बोजड व अस्पष्ट वाटतो. तबला आणि मृदंग यांच्या पुडीवर मध्यभागी शाईचा लेप असतो व काठाला चामड्याची किनार असते. त्यांच्या योगाने ही कंपने सुसंवादी श्रेणीत येतात आणि वाद्याला निश्चित स्वर लाभतो, असे रामन यांनी दाखवून दिले.

तथापि गोंगाटाची व्याख्या केवळ भौतिकीने होत नाही. नको असलेला ध्वनी तो गोंगाट. सायंकाळच्या मैफलीत रंगविणारा तबला शेजारच्या रुग्णाला मध्यरात्री गोंगाटच वाटेल. आवडनिवड मोजता येत नाही, परंतु ध्वनीची पातळी मोजता येते, आणि दोन पक्षांत वाद उत्पन्न होतो तेव्हा मोजमापाचाच आधार घ्यावा लागतो.

सत्तर आणि सत्तर किती?

कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीचा दाब सुमारे २० मायक्रोपास्कल असतो, तर वेदनादायक ध्वनीचा दाब त्याच्या सुमारे दहा लक्षपट असतो. एवढ्या विस्तीर्ण पल्ल्यासाठी डेसिबेल ही लॉगॅरिथमीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ध्वनीची ऊर्जा दसपट झाली की पातळी १० डेसिबेलनी वाढते, आणि ऊर्जा दुप्पट झाली की अवघ्या ३ डेसिबेलनी.

यातून निघणारे निष्कर्ष पहिल्या वाचनी चमत्कारिक वाटतात. ७० डेसिबेलचे एक यंत्र चालू असताना शेजारी तसेच दुसरे लावले, तर बेरीज १४० होत नाही. ती ७३ होते. अशी दहा यंत्रे एकत्र लावली तर पातळी ८० डेसिबेल होईल. ८० डेसिबेलच्या यंत्राशेजारी ७० डेसिबेलचे यंत्र असेल, तर एकूण पातळी ८०.४ भरते, म्हणजे लहान यंत्र बंद केल्याने काहीच साधत नाही. गोंगाट कमी करावयाचा असेल तर सर्वांत मोठ्या उगमापासून आरंभ केला पाहिजे, हा या शास्त्राचा पहिला व्यावहारिक नियम होय.

अंतराचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खुल्या मैदानात एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबेलनी उतरते. ५ मीटरवर ७० असेल तर १० मीटरवर ६४, २० मीटरवर ५८ आणि ४० मीटरवर ५२. वाहता रस्ता मात्र बिंदू नसून रेषा आहे. त्याच्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी घट केवळ ३ डेसिबेलची होते. त्याच ५ मीटरवर ७० असेल तर ४० मीटरवरही ६१ उरतात. एका जनित्रापासून दूर खोली निवडल्यास सुटका होते, पण हमरस्त्यापासून एवढ्या सहज होत नाही, ती यामुळेच.

उगमच दूर नेणे हाही एक उपाय आहे. बेंगळुरूची नियमित प्रवासी विमानसेवा मे २००८ मध्ये शहरातील जुन्या विमानतळावरून देवनहळ्ळीजवळच्या नव्या विमानतळावर गेली. जुन्या मार्गाखालील वस्त्यांना त्याने दिलासा मिळाला. परंतु असा उपाय गोंगाट नाहीसा करीत नाही, त्याची जागा बदलतो, हेही विसरता कामा नये.

मोजावे कसे?

ध्वनिपातळीमापक या उपकरणात मायक्रोफोन, विवर्धक आणि दर्शक हे भाग असतात. मोजणीच्या आधी व नंतर प्रमाणध्वनी देणाऱ्या उपकरणाने त्याची तपासणी करतात. हा प्रमाणध्वनी सामान्यतः १,००० हर्ट्‌झ व ९४ डेसिबेलचा असतो. मायक्रोफोन जमिनीपासून सुमारे १.२ ते १.५ मीटर उंचीवर आणि शक्यतो भिंतीपासून दूर धरावा, कारण भिंतीवरून परतणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळतो. वाऱ्याची सळसळ नोंदली जाऊ नये म्हणून त्यावर स्पंजाचे आवरण चढवितात. भ्रमणध्वनीतील मापक कुतूहलापुरता उपयोगी आहे. मात्र प्रमाणित न केलेल्या उपकरणाचा आकडा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

एखाद्या यंत्राचा आवाज मोजताना ते बंद ठेवूनही पार्श्वभूमीची पातळी घ्यावी लागते. दोन्ही आकड्यांत १० डेसिबेल वा अधिक अंतर असेल तर पहिला आकडा यंत्राचाच समजावा. अंतर ३ डेसिबेल असेल तर त्यातून ३ वजा करावेत. त्याहूनही कमी असेल तर ती मोजणी भरवशाची नाही.

मानवी कान सर्व कंप्रतांना सारखाच संवेदनशील नाही. म्हणून मापकात ‘ए’ नावाची भारांकनाची योजना असते. तीत १,००० हर्ट्‌झच्या ध्वनीत काहीच बदल होत नाही, पण १०० हर्ट्‌झचा ध्वनी सुमारे १९ डेसिबेलनी आणि ५० हर्ट्‌झचा सुमारे ३० डेसिबेलनी कमी धरला जातो. सामान्य रहदारीसाठी ही योजना ठीक चालते. परंतु मोठ्या ध्वनिक्षेपकांचा खर्जातील धडधडाट किंवा रोहित्राची घरघर मोजताना तीच दिशाभूल करते. खिडकीची तावदाने हादरत असतात आणि मापक मात्र बेताचा आकडा दाखवितो! अशा वेळी रहिवाशाची तक्रार खोटी ठरविण्यापूर्वी निरनिराळ्या कंप्रतांची पातळी वेगवेगळी मोजणे न्यायाचे ठरते.

सतत बदलणाऱ्या गोंगाटासाठी सममूल्य पातळी काढतात. ठरावीक काळात मिळालेली एकूण ध्वनिऊर्जा जणू एकसारखी पसरली असती तर पातळी किती असती, हे ती सांगते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रात्री खिडकीबाहेर रहदारीची पातळी ५५ डेसिबेल आहे. दर मिनिटास एकदा, केवळ २ सेकंद, एखाद्या वाहनाचा भोंगा वाजतो व त्याची पातळी खिडकीशी ८० डेसिबेल भरते. मिनिटातील ५८ सेकंद भोंगा नाही, तरीही सममूल्य पातळी ५५ वरून जवळजवळ ६६ वर जाते. उलटपक्षी, भोंगे पूर्ण थांबले आणि वाहने तेवढीच राहिली, तर ११ डेसिबेल वाचतात. वाहनांची संख्या निम्मी केली तर केवळ ३ वाचले असते. भोंग्यावरील निर्बंध म्हणजे शिष्टाचाराची बाब, असे मानणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

अडविणे आणि शोषणे

गोंगाटाविषयीच्या सर्व गैरसमजांत एक गैरसमज सर्वांत महाग पडतो. ध्वनी अडविणे आणि ध्वनी शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

शोषणाचे शास्त्र वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने घातले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नसत, कारण उच्चारलेला ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबाइनने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून त्यांच्या साहाय्याने रात्री-अपरात्री मोजण्या केल्या व एक सूत्र शोधले. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे ध्वनी विरण्यास लागणारा निनाद-काल, सेकंदांत. शोषणाचे एकक म्हणून त्याने उघड्या खिडकीचे क्षेत्रफळ घेतले, कारण तिच्यावर पडणारा सर्व ध्वनी बाहेर जातो, परत येत नाही. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या वाचकास दीर्घ निनाद म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको.

आता ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच अशा रिकाम्या वर्गखोलीचा विचार करू. तिचे घनफळ १६८ घनमीटर आणि पृष्ठफळ १९४ चौरस मीटर आहे. गिलाव्याच्या भिंती व फरशी आपल्यावर पडलेल्या ध्वनीचा शंभरातील सुमारे ३ भागच शोषतात, असे धरल्यास एकूण शोषण ५.८ एकके होते व निनाद-काल सुमारे ४.६ सेकंद येतो. ४ चौरस मीटरच्या खिडक्या उघडल्यास तो २.७ सेकंदांवर उतरतो. प्रत्येकी ०.४ एकक धरून ४० विद्यार्थी आत बसले की तो १ सेकंदाच्या आसपास येतो. शिक्षकाचे बोलणे स्पष्ट कळण्यासाठी तो ०.६ ते ०.७ सेकंदापर्यंत आणणे इष्ट असते. छताला छिद्रित शोषक पाट्या बसवून हे साधते. जाड पडदे, सतरंज्या, गाद्या यांचे स्थान येथे आहे. ती खोलीतला निनाद कमी करतात. बाहेरचा गोंगाट आत येण्यापासून फारसा अडवीत नाहीत. अंड्यांचे ट्रे तर हेही काम धडपणे करीत नाहीत.

ध्वनी अडविण्यासाठी वजन लागते. भिंतीचे दर चौरस मीटरमागील वजन दुप्पट केले की तिची अडविण्याची शक्ती साधारणपणे ५ ते ६ डेसिबेलनी वाढते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबेल अडविते. असे असूनही खोलीत आवाज का येतो? कारण भिंत एकटी नसते. १२ चौरस मीटरच्या अशा भिंतीत १.२ चौरस मीटरची खिडकी उघडी असेल, तर दहाव्या हिश्श्यातून ध्वनी बिनअडथळा आत येतो आणि भिंत व खिडकी मिळून अवघे १० डेसिबेल अडवितात. खिडकी शंभराव्या हिश्श्याएवढी उघडी ठेवली तरी २० च्या वर जाता येत नाही. सामान्य काचेची, फटी न राहता बंद केलेली खिडकी २५ डेसिबेल अडवीत असेल, तर एकूण आकडा ३५ पर्यंत जातो. भिंत आणखी जाड करून उपयोग नाही. भोकच सर्व काही ठरविते.

आरंभीच्या प्रश्नाचे मर्म येथे उघड होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार शयनगृहात रात्रीची सममूल्य पातळी ३० डेसिबेलहून अधिक नसावी. किंचित उघडी खिडकी सुमारे १५ डेसिबेल अडविते असे धरून त्यांनी बाहेरची मर्यादा ४५ ठेवली. भारतातील ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनीही निवासी विभागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेलच ठरविली आहे. म्हणजे या आकड्यात उघडी खिडकी गृहीत धरता येते. बाहेर ६५ डेसिबेल असतील तर उघड्या खिडकीच्या घरात सुमारे ५० डेसिबेल येणारच, आणि ते टाळण्यासाठी खिडकी बंद केली की वाऱ्याची सोय यंत्राने करावी लागणार. ज्याला वातानुकूलन परवडते त्याला शांतता विकत घेता येते. इतरांनी झोप द्यावी किंवा हवा द्यावी, असा हा हिशेब आहे.

उगम, मार्ग आणि श्रोता

गोंगाटनियंत्रणाचे उपाय तीन ठिकाणी करता येतात: उगमापाशी, मार्गात आणि श्रोत्यापाशी. त्यांचा क्रमही हाच असावा.

उगमाच्या उपायांत वाहनाच्या निःशामकाचे म्हणजे सायलेन्सरचे उदाहरण बोधप्रद आहे. निष्कासनलिका एकाएकी रुंद पेटीत उघडते, तेव्हा ध्वनीचा काही भाग आत जाण्याऐवजी इंजिनाकडे परततो. पेटीची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी असल्यास हा परिणाम सर्वांत अधिक होतो. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदास ५०० मीटर धरल्यास १०० हर्ट्‌झची तरंगलांबी ५ मीटर व पेटीची लांबी सव्वा मीटर येते. एवढी जागा वाहनात नसल्याने अनेक पेट्या, छिद्रित नळ्या व शोषक द्रव्ये यांची कौशल्याने जुळणी करावी लागते. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक मनोहरलाल मुंजाल यांचा या विषयावरील ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला व जगभर वापरला गेला. एवढ्या विचाराने घडविलेला भाग काढून टाकून दुचाकी दामटणारा तरुण एकट्याने साऱ्या गल्लीची रात्र मोडतो.

जनित्रांविषयी २००२ साली केंद्र शासनाने असा नियम केला की १,००० केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल जनित्रांचा आवाज आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबेलहून अधिक नसावा. आवरण जड हवे, आतून शोषक द्रव्याने मढविलेले हवे आणि हवा जाण्यायेण्याच्या वाटाही शोषक अस्तराच्या हव्यात. अडविणे व शोषणे ही दोन्ही कामे येथे एकत्र येतात. देखभालीच्या सोयीसाठी आवरणाचे दार उघडे ठेवले, की उघड्या खिडकीचे गणित पुन्हा लागू होते.

मार्गातील उपाय म्हणजे रोधक भिंत. उगम आणि कान यांमधील सरळ रेषा तिने जेमतेम तोडली की सुमारे ५ डेसिबेलचा लाभ होतो. उंची वाढवीत गेल्यास तो वाढतो. परंतु ध्वनी कडेवरून वळतो. ३,४०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी १० सेंटिमीटर असते, तर १०० हर्ट्‌झची ३.४ मीटर, म्हणून खर्जाचा ध्वनी भिंतीला सहज वळसा घालतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील रहिवाशाला तर कुंपणभिंतीचा उपयोगच होत नाही. झाडांविषयीही स्पष्ट सांगितले पाहिजे. ३० मीटर रुंदीच्या दाट झाडीने सुमारे ५ डेसिबेल कमी होतात. एका रांगेतील झाडांनी जवळजवळ काहीच होत नाही. झाडे राखावयाची ती सावलीसाठी व पाखरांसाठी.

श्रोत्यापाशी करावयाचा उपाय शेवटचा होय. भारतातील कारखानाविषयक नियमांत दिवसाच्या ८ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा असून, दर ५ डेसिबेलमागे मुदत निम्मी होते. ध्वनिऊर्जेच्या हिशेबाने पाहता ती दर ३ डेसिबेलमागे निम्मी व्हावयास हवी, आणि अनेक तज्ज्ञ ८५ डेसिबेल हा पाया सुचवितात. पहिल्या नियमाने ९५ डेसिबेलमध्ये ४ तास काम करता येते. दुसऱ्याने ९४ मध्येच १ तास. गोंगाटाने आलेले बहिरेपण हळूहळू येते आणि ते बरे होत नाही, हे लक्षात घेता हा फरक केवळ कागदावरचा नाही. कानातील बोळे ३० डेसिबेल अडवीत असले, तरी ८ तासांतील अर्धा तास ते काढून ठेवल्यास एकूण संरक्षण १२ डेसिबेलवर येते. भोक भिंतीत असो वा वेळेत असो, गणित एकच.

नियम आणि नागरिक

२००० सालच्या नियमांनी चार विभाग केले आहेत. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस धरून औद्योगिक विभागास दिवसा ७५ व रात्री ७०, व्यापारी विभागास ६५ व ५५, निवासी विभागास ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रास ५० व ४० डेसिबेल अशा मर्यादा आहेत. सतत नोंद घेणारे जाळे २०११ पासून उभारण्यात आले. मुंबईप्रमाणे बेंगळुरूही त्यातील पहिल्या सात शहरांपैकी एक होते. शहरातील केंद्रांत पीण्यासारखी औद्योगिक वसाहत आहे, तसेच निमहान्स रुग्णालयाचे शांतता क्षेत्रही आहे.

तक्रारीच्या तरतुदीत मात्र एक बारकावा आहे. मर्यादा १० डेसिबेल वा अधिकाने ओलांडली गेली असता, किंवा रात्रीसाठी घातलेल्या निर्बंधांचा भंग झाला असता, नागरिकाला तक्रार करता येते. निवासी विभागात रात्री ५२ डेसिबेल भरले तर मर्यादा ओलांडली गेली, पण केवळ आकड्याच्या बळावर तक्रारीचे दार उघडत नाही. १० डेसिबेल म्हणजे दसपट ऊर्जा, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच आहे. त्यामुळे रात्री १० नंतरचा ध्वनिक्षेपक, निवासी भागातील भोंगा किंवा बांधकामाचे यंत्र यांविरुद्ध तक्रार करताना निर्बंधाच्या भंगाचा उल्लेख, वेळेची नोंद आणि प्रमाणित मोजणी ही तिन्ही जोडणे हितावह असते.

ज्या शहराची घरे वाऱ्यासाठी उघडी आहेत त्या शहराला गोंगाट भिंतीने अडविता येणार नाही. तो जेथे उत्पन्न होतो तेथेच आवरावा लागेल. सर्वांत मोठा उगम प्रथम, मग मार्ग, आणि अगदी शेवटी कान, हा क्रम पाळला तर खिडकी उघडी ठेवूनही रात्रीची झोप मिळणे अशक्य नाही.